गळ्याचा माईक

प्रफुल्ल : नाही काका, दार बंद नका करू. उघडंच राहू द्या. मी इथंच बसतो, दारापाशी.

देवीदास : बसा ना. पन फाटकापाशी तुम्ही म्हनलं, जुना रेडिओ दुरुस्त करायचा आहे. रेडिओ कुठं आहे तुमचा?

प्रफुल्ल : रेडिओ नाही आणला.

देवीदास : मले वाटलंच. कपडे साधे, पन जोडे पोलिसाचे.

प्रफुल्ल : हवलदार प्रफुल्ल खोब्रागडे. हे माझं कार्ड. गल्लीत तमाशा नको म्हणून रेडिओचं सांगितलं. जय भीम.

देवीदास : जय भीम. पयले खोटं बोलले, मंग जय भीम म्हनून राहिले. भंडाऱ्याकडचे खोब्रागडे का?

प्रफुल्ल : आजोबा तिकडचे. मी इथलाच, रायपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. तुम्ही देवीदास मेश्राम, रेल्वेच्या टेलिफोन-सिग्नलमधून रिटायर. चार वर्षं झाली.

देवीदास : तीन वर्ष आठ महिने. सगळं मालूम आहे त विचारता कायले?

प्रफुल्ल : घरात कोण कोण राहतं?

देवीदास : मी अन् माझी बायको. पोट्टी आहे, दीपमाला, ते नव्या रायपुरात असते नवऱ्यासंग. बीरगावात आमी दोघंच.

मीराबाई : पानी आनू का?

प्रफुल्ल : या काकू का? जय भीम, काकू. बसा ना तुम्हीपण. … काकू बोलत नाहीत?

देवीदास : बोलली आत्ता. तुमाले ऐकू आलं नाही.

प्रफुल्ल : ओठ हलले, तेवढं दिसलं.

देवीदास : तेवढंच दिसते सगळ्याइले. दोन वर्षाआधी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाचे दोन पडदे असतात गळ्यात, त्यातला एक हालत नाही आता. ओठापाशी कान नेला त कळते. नाहीतर हा पंखा, ते मागची रोलिंग मिल, याच्यात सगळं बुडून जाते. पानी विचारून राहिली तुमाले.

प्रफुल्ल : नको काकू, पाणी नको. काका, भनपुरीत कोणाकडे जाता तुम्ही?

देवीदास : भनपुरीत?

प्रफुल्ल : हव. दर आठवड्याला.

देवीदास : भंगारवाल्याकडे. रिटायर मानूस, दिवस जात नाही. काही जुनं भेटलं त उघडून पाहतो.

प्रफुल्ल : गेल्या गुरुवारी पोत्यात काय आणलं?

देवीदास : पोत्याचं कोनं सांगतलं तुमाले?

प्रफुल्ल : मी विचारतो, तुम्ही सांगा. असं चालतं हे काम.

देवीदास : नाही, आधी हे कळू द्या. मी ऑटोत बसून आलो. पोतं मांडीवर होतं. तोंड सुतळीनं बांधून होतं. आत काय आहे, हे रस्त्यावरच्याले कसं दिसलं?

प्रफुल्ल : ठाण्यात चिठ्ठी आली आहे तुमच्या नावाची.

देवीदास : चिठ्ठी?

प्रफुल्ल : मराठीत. आमच्याकडे मराठी वाचणारा मी एकटा. टीआई साहेबांनी, म्हणजे आमच्या ठाणेदारांनी, माझ्यापुढं टाकली, देखो क्या लिखा है. मी सांगितलं, घरगुती मामला दिसतो साहेब, बघून येतो. पूर्ण वाचून दाखवली असती तर आज गाडी आली असती गल्लीत, आणि गाडीत सहा जण. संध्याकाळपर्यंत मला जाऊन तोंड दाखवायचं आहे. तेव्हा माझ्यासंग सरळ बोला.

देवीदास : वाचा. काय लिहिलं ते वाचा.

प्रफुल्ल : ऐका. ‘माननीय साहेबांना सविनय नमस्कार. बीरगाव येथील देवीदास मेश्राम हे दर आठवड्यास भनपुरीहून मिलिटरीचे सामान पोत्यात आणतात. हिरव्या रंगाचा वायरलेसचा डबा मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली ठेवलेला आहे. दुपारी दार बंद करून त्यावर हळू आवाजात कोणाशी तरी बोलतात. विचारले तर सांगत नाहीत. कृपया चौकशी करावी.’ खाली नाव नाही.

देवीदास : नरहर.

प्रफुल्ल : कोण नरहर?

देवीदास : शेजारी. भिंतीले भिंत लागून आहे. विहाराच्या समितीत आहे. चौदा एप्रिलले लाउडस्पीकर माझ्या खिडकीकडे तोंड करून लावला होता त्यानं. मी वायर काढली. म्हनलं, घरात बीमार बाई आहे. तवापासून बोलत नाही माझ्यासंग. ‘सविनय’ वगैरे तोच लिहिते. समितीच्या सगळ्या नोटिसा तोच लिहिते.

प्रफुल्ल : नरहरचं पूर्ण नाव?

मीराबाई : त्याचं नाव नका घेऊ.

देवीदास : तू बस, मीरा. नरहर गजभिये. लिहा, लिहा तुमच्या डायरीत.

प्रफुल्ल : लिहिलं. पण नरहरला चादरीखालचं कसं दिसलं, काका? भिंतीतून?

देवीदास : खिडकीतून पाह्यलं असन.

प्रफुल्ल : मागच्या खोलीला खिडकी आहे?

देवीदास : … नाही.

प्रफुल्ल : डबा आहे ना पण चादरीखाली?

देवीदास : आहे.

प्रफुल्ल : चला. दाखवा. काकू, तुम्ही पुढं व्हा. काका, तुम्ही माझ्या समोर चाला, मागं नका राहू.

देवीदास : माझ्याच घरात मले समोर चालवून राहिले.

प्रफुल्ल : बस्तरला तीन वर्षं काढली मी. सवय आहे, राग नका मानू. … लाइट लावा. हात नका लावू कशाला. चादर मी काढतो.

देवीदास : हळू. त्याच्यावर वायरी आहेत.

प्रफुल्ल : काका, हे काय आहे?

देवीदास : डबा.

प्रफुल्ल : लोखंडी डबा, बॅटरी आणि त्याच्यातून निघालेल्या वायरी. आमच्या ट्रेनिंगमध्ये या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मागं सरकायला शिकवतात.

देवीदास : मोबाइलची बॅटरी आहे ते. जुन्या मोबाइलची. वजन पाहा, बोटावर उचलते.

प्रफुल्ल : आणि हा पट्टा? दोन काळी बटणं लावलेली?

देवीदास : मिलिटरीचाच आहे. पाहा, फौजेच्या मालाचा बान छापला आहे त्याच्यावर. लिलावात निघालेला माल आहे हो. मोठे ठेकेदार उचलतात, त्याइच्याकडून भनपुरीत येते. पितळ अन् तांबं काढून घेतात अन् बाकी फेकून देतात. मी फेकलेल्यातलं आनलं.

प्रफुल्ल : कशासाठी?

देवीदास : सांगतलं ना. टाइमपास.

प्रफुल्ल : दार बंद करून टाइमपास? आणि बोलता कोणाशी?

देवीदास : कोनाशीच नाही.

प्रफुल्ल : चिठ्ठीत तसं नाही लिहिलेलं.

देवीदास : मीरा, तू चहा ठेव जा.

मीराबाई : मले ऐकू द्या.

देवीदास : चहा ठेव म्हनलं ना.

प्रफुल्ल : थांबा. काकूंना कशाला बाहेर पाठवता?

देवीदास : तिच्यासमोर नाही सांगत मी.

प्रफुल्ल : बायकोसमोर सांगता येत नाही, असं काय आहे या डब्यात? काका, मी तुमच्या वयाचा मान ठेवून बसलो आहे. तुम्ही जितकं लपवाल, तितकं मला शोधावं लागेल. … काय काकू? वही? द्या. ‘चहात साखर किती?’ … अर्धा चमचा, काकू.

देवीदास : ते वही तिची नेहमीची आहे. जास्त सांगायचं असलं की लिहिते.

प्रफुल्ल : अक्षर छापल्यासारखं आहे.

देवीदास : अंगनवाडीत होती बावीस वर्ष. सगळे रजिस्टर तिच्याच हातचे. सुपरवायझर बाई दुसऱ्या केंद्राच्या बायाइले दाखवे, पाहा, असं लिहा म्हनून.

प्रफुल्ल : हं. काकू, ही वही जरा राहू द्या माझ्याजवळ. … नाही, घ्या परत. पाहिली मी.

देवीदास : काय पाह्यलं?

प्रफुल्ल : काही नाही. नरहरचं सध्या सोडून द्या.

देवीदास : काहून? आत्ता त पूर्ण नाव लिहून घेतलं. चला ना त्याच्या घरी. त्याच्या तोंडावर विचारा.

प्रफुल्ल : चिठ्ठी कोणी लिहिली, ते मागून पाहू. आधी तुम्ही मला सांगायचं आहे, आणि काकूंच्या समोर सांगायचं आहे. चहा नंतर. बसा काकू, इथं, या स्टुलावर. पलंगाखाली काय आहे, काका?

देवीदास : जुने कागद. रेल्वेचे.

प्रफुल्ल : कागद इतके जड असतात? पाय लावला तर हलत नाही पेटी. … ओढा बाहेर.

देवीदास : साहेब.

प्रफुल्ल : ओढा. झाकण उघडा. … काका, हा पूर्ण सेट आहे. मला थोडं समजतं यातलं. ऐकायचा भाग आहे, आणि पाठवायचाही आहे. इथून बोललं तर तिकडं ऐकू जाईल, असा सेट. लायसन्स आहे?

देवीदास : बंद आहे ते. आतला एक काचेचा व्हॉल्व फुटला आहे. मले आतला ट्रान्सफॉर्मर पाह्यजे होता, अन् स्पीकर. बाकी काढून फेकनार होतो.

प्रफुल्ल : मग कागद काहून म्हणाले?

देवीदास : भेवलो.

प्रफुल्ल : आता तुमचं प्रत्येक वाक्य मला परत तपासावं लागेल. पोतं खरं, चादर खरी, दार खरं. चिठ्ठीतलं सगळं खरं निघालं, आणि कागद खोटे. वरून पाठवायचा सेट. बीरगावात, बंद खोलीत. हे मी टीआई साहेबांना कोणत्या तोंडानं घरगुती मामला म्हणून सांगू? पेन्शन बंद व्हायची वेळ येईल, काका. कोर्टाच्या तारखा वेगळ्या. बोला आता.

देवीदास : हा पट्टा गळ्याले लावतात.

प्रफुल्ल : पुढं.

देवीदास : टँकमधले फौजी लावत. टँकच्या आत इंजिनाचा एवढा आवाज असते की तोंडापुढं माईक धरला त इंजिनच ऐकू जाते, मानूस नाही. म्हनून हा माईक तोंडातली हवा ऐकतच नाही. ही दोन बटनं गळ्याले टेकून बसतात. गळा थरथरला की तेवढंच पकडतात. भोवताल किती का कल्ला असन.

प्रफुल्ल : मग?

देवीदास : मंग काय. आमच्या मागं रोलिंग मिल आहे.

प्रफुल्ल : … काकूंसाठी?

देवीदास : एक पडदा हालते अजून. डॉक्टर म्हने, काही उपयोग नाही त्याचा. पन मी तिच्या गळ्यावर बोट ठेवून पाह्यलं होतं. ते बोलली की बोटाले लागते. बारीक. ऐकू येत नाही, पन लागते.

प्रफुल्ल : एवढी चांगली गोष्ट लपवायची कशाला? बायकोपासून?

देवीदास : कारन तीन वेळा झालं हे. पयले कॉलरले लावायचा माईक आनला. त्याच्यातून मिल ऐकू आली, पंखा ऐकू आला, नरहरच्या घरचा कुकर ऐकू आला. हिचा शब्द नाही. मंग दुसरा आनला, महागाचा. तोच प्रकार. मंग दीपमालानं मोबाइलात काही टाकून देल्लं. आपन लिहायचं अन् मोबाइल बोलते. हिनं लिहिलं, भाजीत मीठ कमी आहे, त ती मोबाइलातली पोट्टी म्हनते, ‘सब्ज़ी में नमक कम है’, अशी गोड आवाजात. पाहुने हासले. वाईट नाही हासले, पन हासले. त्या दिवशी हिनं माझ्यापुढं हात जोडले. आता काही आनू नका म्हने. मी कबूल केलं.

प्रफुल्ल : आणि तरी आणलं.

देवीदास : आनलं. पन झाल्याशिवाय दाखवनार नव्हतो. चौथ्या वेळेस नाही पाह्यचं मले तिचं तोंड तसं.

प्रफुल्ल : आणि दार बंद करून बोलणं? हळू आवाजात?

देवीदास : माझा आवाज मोठा आहे. त्याच्यावर बसवलं असतं त हिच्या काय कामाचं? मी हिच्यासारखं बोलून पाहे. कुजबुजून, श्वासातून. मिलिटरीचेच हेडफोन लावून ऐकत बसे, किती उचलते ते.

प्रफुल्ल : काय बोलायचे?

देवीदास : आकडे. एक ते शंभर. कंटाळा आला की स्टेशनं. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, सालेकसा, आमगाव, गोंदिया. आपल्या लाइनीवरचे.

प्रफुल्ल : काका, मला विश्वास ठेवायचा आहे. पण आत्ताच तुम्ही मला पेटीत रेल्वेचे कागद सांगितले. लावा आधी स्वतःच्या गळ्याला आणि दाखवा.

देवीदास : पूर्न झालं नाही अजून. जुना माईक आहे. याच्यात कोळशाचे बारीक दाने असतात. ते एका जागी बसून जातात, मंग आवाज तुटते.

प्रफुल्ल : मग मी काय समजू? चालतं की नाही चालत?

देवीदास : माझ्यावर चालते.

प्रफुल्ल : तुमच्यावर चालून मला काय कळणार? तुम्ही फक्त माझ्यासाठी—

देवीदास : मीरा! अवं, काय करून राहिली? ठेव ते.

(मीराबाईनं दोघांच्या मधून हात घालून पट्टा उचलला होता. आपल्या गळ्यावर तो कुठं बसतो, हे तिला कोणी दाखवलं नाही. ऑपरेशनच्या खुणेच्या थोडं वर तिनं ती थंड बटणं टेकवली, मागचा हूक लावला आणि नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. देवीदासला स्पीकरच्या डब्याचं बटण फिरवावंच लागलं.)

मीराबाई : …ठ्ठी मी …

प्रफुल्ल : काय होतं ते? आवाज आला काही.

देवीदास : तुटला. थांब. हालू नको. दाने बसले असतील, टिचकी मारतो. हं. आता बोल. जोर नको लावू.

मीराबाई : चिठ्ठी मी लिहिली. आलं ऐकू?

देवीदास : आलं.

मीराबाई : हा कोनाचा आवाज आहे?

देवीदास : तुझाच आहे, मीरा.

मीराबाई : माझा असा नव्हता. हा त दूर उभ्या असलेल्या मानसाचा वाटते. विहिरीतून बोलल्यासारखा.

देवीदास : गळ्यातून घेते ना हा. ओठाचं, जिभेचं याच्यात येत नाही. म्हनून जाडा वाटते. … तू काय म्हनली? आधी काय म्हनली?

मीराबाई : चिठ्ठी मी लिहिली. नरहर भाऊजीचं नाव खोडा, साहेब. त्या मानसानं काही नाही केलं.

प्रफुल्ल : वहीतलं अक्षर पाहिलं तेव्हाच कळलं मला, काकू.

देवीदास : तुमाले कळलं अन् तुम्ही बोलले नाही?

प्रफुल्ल : मी सांगण्यासारखं नव्हतं ते.

देवीदास : मीरा, तू ठाण्यात देल्लं मले? चाळीस वर्षाचा संसार. मी चोर आहो? मी काय जंगलातल्या नक्षल्याइले निरोप धाडून राहिलो होतो?

मीराबाई : मले काय मालूम?

देवीदास : विचारायचं होतं!

मीराबाई : विचारलं ना. तीनदा विचारलं. पयले जेवताना विचारलं. तुम्ही म्हनलं, रेडिओ. रेडिओवर मानूस बोलते का, ऐकते? मंग वहीत लिहून देल्लं. तुम्ही म्हनलं, चष्मा नाही, मंग वाचतो. पान उलटून टाकलं. मंग या दारापाशी उभी राह्यली. दार वाजवलं. अहो, अहो म्हनलं. किती वेळ म्हनलं.

देवीदास : माझ्या कानावर हेडफोन होते.

मीराबाई : मले कसं दिसन दाराआडून? मले तुमचं बोलनं ऐकू ये. तसं हळू, लाडाचं बोलून राहिल्यासारखं. माझ्यासंग त दोन वर्षात तसं बोलले नाही तुम्ही. घरात सारखे ओरडूनच बोलता. जशी मी बहिरी आहो.

देवीदास : तुले ते… तुले काय वाटलं?

मीराबाई : काही काही वाटलं. सगळं नाही सांगत या साहेबासमोर. मंग एक दिवस चादर उचलून पाह्यली त खाली हिरवा डबा. बाई नाही निघाली म्हनून बरं वाटलं, अन् मिलिटरीचं निघालं म्हनून भेवली. पलीकडच्या मोहल्ल्यातला तो वेल्डर नाही का, त्याले पोलिसानं नेलं होतं, त सहा महिने घरच्याइले पत्ता नव्हता.

देवीदास : अन् म्हनून तूच बोलावलं पोलिसाले?

मीराबाई : मी विचारलं त तुम्ही उत्तर नाही देल्लं. पोलिसानं विचारलं त द्यावंच लागते. कोनीतरी मोठ्या आवाजानं विचारावं म्हनून लिहिलं मी. पोस्टाच्या डब्यात टाकली अन् दुसऱ्या दिवशी परत घ्याले गेली होती. पोस्टमन भैयाले सांगून राहिली होती, त त्याले ऐकू नाही आलं. मांगून राहिली समजला, चिल्लर देऊन राहिला मले.

प्रफुल्ल : काकू, बसा. डबा धरतो मी. काका, तुम्हीपण बसा.

देवीदास : मी ठीक आहो.

प्रफुल्ल : ऐका दोघं. माझी गोष्ट साधी आहे. पट्टा, बॅटरी आणि हा छोटा डबा, यात मला काही दिसत नाही. भंगारातला माईक आहे, लिहून टाकतो. पण पेटीतला सेट मी नेणार.

देवीदास : त्याचा स्पीकर लागनार होता मले. या डब्यातला लहान आहे, म्हनून आवाज घुमते. तो लावला त साफ येईन.

प्रफुल्ल : नाही, काका. तो माझ्यासंग येईल. मालकानं स्वतःहून जमा केला, असं लिहीन. छापा नाही, जप्ती नाही. यापेक्षा जास्त मागू नका. आधीच मी माझ्या हातानं बरंच काही सोडून देतो आहे.

मीराबाई : अन् माझी चिठ्ठी? परत भेटन का?

प्रफुल्ल : नाही भेटणार, काकू. त्यावर नंबर पडला आहे. फाइलीत राहील. मी खाली लिहीन, चौकशी केली, काही आढळले नाही. नरहर गजभिये खोडलं, हे पाहा. पण चिठ्ठी तिथंच राहणार.

मीराबाई : म्हनजे यांचं नाव पोलिसाच्या कागदात राहीन.

प्रफुल्ल : राहील.

देवीदास : राहू द्या. माझ्या बायकोचं अक्षर आहे. चांगल्या अक्षरात राहीन.

प्रफुल्ल : एक सांगतो. हे लावून काकू बाहेर निघतील, बाजारात जातील, दवाखान्यात जातील. कोणीतरी पाहीलच. गळ्याला पट्टा, कमरेला हिरवा डबा. माझ्यासारखाच कोणी भलताच विचार करेल. रंग मारून घ्या डब्याला. हिरवा सोडून कोणताही.

देवीदास : घरात निळा आहे थोडा. खिडकीचा उरलेला.

प्रफुल्ल : बस. निळा चांगला. आणि बिल बनवून घ्या त्या भंगारवाल्याकडून, कच्चं का असेना. येतो मी. सेट मी उचलतो, तुम्ही फक्त दुसऱ्या बाजूनं हात द्या. … काकू, चहा राहिला. पुढच्या वेळी.

मीराबाई : पुढच्या वेळी साधे जोडे घालून या.

प्रफुल्ल : हव. आलं ऐकू. चांगलं ऐकू आलं.

देवीदास : गेला. ऑटोत ठेवून आलो पेटी. गल्लीतल्या चार जनाइनं पाह्यलं. नरहर गॅलरीत उभा होता.

मीराबाई : काय म्हनला?

देवीदास : काय आहे म्हने. पयल्यांदा बोलला एप्रिलपासून. मी म्हनलं, जुना रेडिओ. मंग वाटलं, पुन्हा तेच करून राहिलो. म्हनलं, या घरी, दाखवतो.

मीराबाई : चांगलं केलं.

देवीदास : तू रागावली आहे का अजून?

मीराबाई : तुम्ही?

देवीदास : मले माहीत नाही. वाटे, कधी तू बोलशीन अन् मी ऐकीन, त काय म्हनशीन पयलं. दोन वर्ष तोच विचार केला. अन् तू म्हनली, चिठ्ठी मी लिहिली.

मीराबाई : तेच होतं तोंडात.

देवीदास : हव. … बंद करू का हे? बॅटरी उतरन.

मीराबाई : राहू द्या थोडं. मले एक विचारायचं आहे. खरं सांगसान?

देवीदास : विचार.

मीराबाई : माझा पयलेचा आवाज आठवते का तुमाले?

देवीदास : आठवते ना.

मीराबाई : खरं.

देवीदास : … नाही. तू काय काय बोलत होती ते सगळं आठवते. कशी बोलत होती ते येत नाही कानात. खूप आनून पाह्यलं, मीरा. मोबाइल शोधला, दीपमालाच्या लग्नाची सीडी शोधली. त्याच्यात तू बोलून राहिली आहे, हात हालवून सांगून राहिली आहे कोनाले तरी, पन फोटोवाल्यानं वरून गानं टाकून देल्लं. मी कुजबुजून पाहे तवा माझ्यापुढं काहीच नसे. अंदाजानंच बसवलं सगळं.

मीराबाई : मलेबी नाही आठवत.

देवीदास : खरखर कमी करता येईन. थोडा बारीकबी करता येते, बाईसारखा. महिनाभर लागन.

मीराबाई : नका करू. हाच माझा धरू आता.